दोनदा मागून आणलेला भाऊ

परवा पेपरात आमच्या भिकनचा फोटो आला. आतल्या पानावर, पण रंगीत. डोक्याला पांढरी टोपी, हातात सुई, मांडीवर गाडीची सीट, आन् मागं दुकानाची पाटी. खाली लिव्हलंय, ‘छावणीच्या उस्तादाचा शेवटचा शिष्य’. त्याच्याखाली ही एवढी बातमी. जुन्या विलायती गाड्यांच्या चामडी सीटा तो कशा जिवंत करतो, लोकरीचं मेण कसं चोळतो, पुण्या-मुंबईचे लोक पडेगावला त्याच्याकडं गाड्या घेऊन कसे येतात, समदं हाय. छावणीचा बुडन उस्ताद त्यात ओळीआड आलाय. मी एकदा आलोय. काय म्हणून आलोय? ‘त्यांच्या थोरल्या बंधूंची मेंढरं होती.’

मी चौथी शिकलोय, मला वाचता येतं. मी वाचलं. मंग सुनेला वाचायला लावलं, म्हणलं एखादी ओळ माझ्या नजरेतून सुटली आसंल. नव्हती सुटली.

मेंढरं व्हती म्हणं! आरं, ती मेंढरं नसती तर ते लोकरीचं मेण काय छावणीच्या झाडाला लागलं आसतं? लिव्हणाऱ्या पोराला तासभर चहा पाजला आमच्याच घरात. जाताना मला म्हणला, “आजोबा, तुम्ही जरा बाजूला सरकता का, फोटोत सावली पडतेय.” माझी सावली पडतेय.

तर आता मी लिव्हतो. भिकन कोण, कुठला, कसा मोठा झाला, हे माझ्याइतकं कोणाला ठाव नाय. कारण भिकन मी आणलाय. एकदा नाय, दोनदा.

मी मुंजाबा. पडेगावात नाक्यावर उभं राहून नाव घ्या, कोणीबी घर दाखवील. आमचं मूळ मेंढरांचं. बाप दौलताबादच्या किल्ल्यापासून पार खुलताबादच्या घाटापतोर मेंढरं चारायचा. या भागात पयली पॅसेंजर जीप मी आणली. मेंढरं कमी केली आन् जीप घेतली, तवा लोक हसले, मंग त्याच जीपला लोंबकळून बाजाराला गेले. कुस्तीत मला पाडणारा शेजारच्या मिटमिट्यापतोर कोणी नव्हता. हे मी मोठेपणासाठी सांगत नाय, जे हाय ते हाय.

माझ्यानंतर आमच्या मायला, बानाबाईला, जी लेकरं झाली ती जगली नायत. पाळणा बांधायचा आन् सोडायचा. पोलीस ॲक्शन झाली, रझाकार गेले, लोकं परत बिनघोर रानात जाऊ लागले, त्याच्या दुसऱ्या साली हा झाला. आमच्यात अशा लेकराला आपलं म्हणत नायत. आपलं म्हणलं की नजर लागती. म्हणून मायनं त्याला जन्मल्या जन्मल्या सुपात घातलं आन् समोरच्या मंजुळाबाईच्या दारात नेऊन ठेवलं. तो तिचा झाला. आता तिच्याकडून भीक म्हणून मागून आणायचा. मागून आणलेल्याकडं वरचा देव बघत नाय.

मागायला कोण जाणार? बाप म्हणला, “घरातलं लेकरू जाऊ दे.” घरातलं लेकरू म्हणजे मी. मला लई लाज वाटली. तवाबी मला कोणापुढं हात पसरायचं जमत नव्हतं. पण बापानं अंगावर घोंगडी टाकली आन् पाठीत धपाटा घातला. मी मंजुळाबाईच्या दारात उभा राहिलो, घोंगडीचं टोक पसरलं आन् खाली बघून म्हणलो, “माय, भीक वाढ.”

मंजुळाबाईनं आधी मूठभर बाजरी टाकली. नुसतं लेकरू द्यायचं नसतं, संगं कायतरी द्यावं लागतं. मंग तो लाल गोळा माझ्या घोंगडीत ठेवला आन् म्हणली, “दिला बाबा. आता तुझा. सांभाळ.”

तुझा म्हणली. बानाबाईचा नाय म्हणली, तुझा म्हणली. ऐकणारे मेले समदे, पण मी हाय ना. नाव ठेवलं भिकन. नाक टोचलं, बाळी घातली. बाळी गेली, भोक अजून हाय. पेपरातल्या फोटोत बारीक बघितलं तर दिसतं.

भिकन मेंढरामागं टिकला नाय. मेंढरू पळालं तर हा तिथंच बसून एखाद्याच्या फाटक्या वहाणेचा टाका उसवून बघायचा, कसा घातलाय म्हणून. बाप कंटाळला. लष्कराच्या छावणीच्या बाजारात बुडन उस्तादाचं दुकान व्हतं, तिथं त्याला बसवला.

बुडन उस्तादाचा बाप घोड्यांची खोगिरं शिवायचा. निजामाच्या फौजेतले घोडे गेले तसं खोगिराचं काम गेलं, मंग उस्ताद मोटारीच्या सीटा शिवू लागला. म्हणायचा, “घोड़ा क्या, मोटर क्या, बैठनेवाले का पिछवाड़ा तो वहीच है मियाँ.” एका दोऱ्याला दोन सुया, एक इकडून, एक तिकडून, एकाच भोकातून. असा टाका एका जागी तुटला तरी बाकीचा धरून राहतो. माणूस कामाचा व्हता, मी नाय म्हणत नाय. पण तेवढंच. देव नव्हता.

कातड्याचं काम म्हणून आमच्या भावकीनं नाक मुरडलं. एका लग्नात बद्रीनाथ मामा समद्या पंगतीत म्हणला, “काय रे मुंजाबा, भाऊ आता कातडं शिवायलाय म्हणं?” मी म्हणलं, “व्हय मामा. तुमच्या पायात काय हाय, कापूस?” पंगत हसली. मामा परत बोलला नाय. भिकनची बाजू तवा कोणी घेतली? उस्ताद आला व्हता का पंगतीला?

पण पोरगं बदललं. आठवड्यानं घरी यायचं आन् तोंडात एकच. उस्ताद असं म्हणतात, उस्ताद तसं म्हणतात. हो म्हणायच्या जागी ‘हौ’ म्हणायचं. माय भाकरी वाढायची तर म्हणायचं, “नक्को माय, उस्तादाकडं खाल्लंय.” मी शेजारी बसलेला. माझ्या ताटातली भाकरी कडू व्हायची. मंग आठवड्याचा महिना झाला. उस्तादाला पोरगा नव्हता, पोरी लग्न होऊन गेलेल्या. त्याच्या डोळ्यावर मोतीबिंदू चढू लागला तसा भिकन तिथंच झोपू लागला. सुईत दोरा ओवून द्यायला कोणीतरी पायजे म्हणं.

मी जीप घेऊन छावणीतून जाताना दुकानासमोर हॉर्न मारायचो. भिकन मान वर करून हसायचा आन् परत खाली घालायचा. एकदा तर मान उस्तादानंच वर केली आन् म्हणला, “भिकन, देख, तेरे भाई का भोंगा.” मला उतरून भोंगा त्याच्या कानात वाजवावा वाटलं. लपवत नाय, मी जळत व्हतो. आपल्या घोंगडीत आणलेलं लेकरू दुसऱ्याच्या दारात ‘हौ’ म्हणतंय, कोणाला गोड लागंल?

मला एवढंच पायजे व्हतं की भिकन घरी यावा. पडेगावला नाक्यावर दुकान टाकावं, वर पाटी लागावी, ‘मुंजाबा आणि बंधू’. पाटीचा रंगबी मी ठरवला व्हता. पिवळ्यावर लाल.

तसा योग आला. तो मी आणला, आपोआप नाय आला.

दौलताबादचे आप्पासाहेब माझ्या जीपचे गिऱ्हाईक. मोठे बागायतदार, पेरू-सीताफळाची झाडं मोजता येणार नायत. त्यांच्या वडलांनी ॲक्शननंतर हैदराबादला निघालेल्या एका जागीरदाराकडून काळी हंबर गाडी घेतली व्हती. आत तांबड्या चामड्याच्या सीटा. बसलं की माणूस लोण्यात रुतल्यासारखा. आप्पासाहेबांच्या लेकीचं लग्न ठरलं व्हतं, आन् पाठवणी आज्याच्याच गाडीतून करायची हा त्यांचा हट्ट.

आन् त्या दसऱ्याला घोळ झाला.

आप्पासाहेबांच्या आई, भागूबाई. मोटेच्या काळातल्या. विहिरीवरच्या मोटेचं कातडं कडक होऊ नये म्हणून तिला करडईचं तेल पाजायचे, हे त्यांनी जन्मभर केलेलं. आता विहिरीवर इंजिन आलं, मोटा गेल्या, पण म्हातारीच्या हाताची सवय कुठं जाती? दसऱ्याला गाडी धुतली, हार घातला, आन् भागूबाईनं बघितलं की सीटांना भेगा पडल्यात. लग्नाची गाडी, नातीला टोचंल. झालं. तेलाची किटली काढली आन् पोटभर पाजलं.

मी दुसऱ्या दिवशी गेलो तर आप्पासाहेब डोक्याला हात लावून ओट्यावर बसलेले. गाडीचं दार उघडलं आन् घाण्यात शिरल्यासारखा वास. सीटा काळ्या पडल्या, हात लावला तर चिकट. आप्पासाहेबांचं धोतर मागून जे रंगलं व्हतं ते बघून मला हसू आवरंना.

भागूबाई दारातून म्हणल्या, “मोटेला पाजतो तसंच पाजलं बाबा. कातडं तेल पेतंच की.”

“आई, ती मोट नाय, मोटार हाय!”

“मंग नाव कशाला तसं ठेवलं?” म्हातारी म्हणली.

मी म्हणलं, “आप्पासाहेब, काळजी करू नका. माझा भाऊ हाय.” बघा, हे वाक्य माझं. पेपरवाल्यानं हे लिव्हायला पायजे व्हतं.

सीटा काढून जीपमध्ये घातल्या आन् छावणीला नेल्या. उस्तादानं वास घेतला, अंगठा दाबला, अंगठा उचलला तर टचकन आवाज आला. म्हणला, “नै होता. तेल पी के बैठा है चमड़ा. उखाड़ के नया डालो.”

आप्पासाहेबांना नवं नको व्हतं. म्हणले, “माझा बाप याच्यावर बसायचा. नवं तर मी बाजारात घेईन.”

भिकन सीट नाकाला लावून बसला व्हता. मंग हळूच माझ्याकडं बघून म्हणला, “दादा, मायच्या घोंगडीवर तूप सांडलं व्हतं, आठवतंय का?”

आठवत नाय व्हय! आपण लहान आसताना मीच लोटा सांडवला व्हता. मायनं गावाच्या जुन्या गढीची पांढरी माती आणली, चाळली, घोंगडीवर जाड थर दिला आन् उबेला ठेवली. माती पिवळी पडली की झटकायची, परत नवी घालायची. तूप मातीत गेलं, घोंगडी जशीच्या तशी.

मी म्हणलं, “पडेगावला चल. गढी तिथं हाय, ऊन तिथं हाय, जागा हाय. इथं छावणीच्या गल्लीत काय व्हणार?” आन् उस्तादाला विचारायची वाटबी न बघता सीटा परत जीपमध्ये घातल्या. भिकनला पुढं बसवला. लई वरसांनी त्याची पिशवी माझ्या जीपमध्ये व्हती.

ते दिवस काय सांगू. भिकन घरी. मायच्या हातची भाकरी दोन्ही वेळा. पांढरी माती मी आणली, डोक्यावर आणली. चाळली मी. आधी पेट्रोलचा फडका हळू फिरवून वरचा चिकटा सैल करायचा, ते पेट्रोल माझ्या जीपचं. मी सीटा सरळ अंगणात उन्हात मांडल्या तर भिकन धावत आला.

“दादा, उन्हात नको! फाटंल, पापडासारखं व्हईल.”

“आरं ऊन नाय तर तेल कसं निघंल?”

“ऊब पायजे, ऊन नको. पत्र्याखाली ठेव, वर गोणपाट टाक.”

“हे कोणी सांगितलं?”

“उस्ताद म्हणतात, चामडं मेलेलं आसलं तरी त्याला चटका कळतो.”

घ्या! माझ्या अंगणात, माझ्या पत्र्याखाली, तरी उस्ताद म्हणतात. मी गोणपाट टाकलं, पण असं टाकलं की धूळ उडाली.

माती पिवळी व्हायची, झटकायची, परत थर. हळूहळू काळेपण गेलं, खालून तांबडा रंग डोकावू लागला. पण चामडं कोरडं ठाक झालं, हातात घेतलं तर करकर वाजायचं. आता त्याला पचंल असं कायतरी खाऊ घालायचं व्हतं. उस्ताद मेण आन् चरबी लावायचा. भिकन म्हणला, “चरबी जड हाय, आधीच पोट बिघडलंय त्याचं.” मंग तो आपल्या तळहाताकडं बघू लागला.

तुम्हाला ठाव नसंल, मेंढरं कातरली की कातरणाऱ्याचे हात लोण्यासारखे मऊ होतात. लोकरीला एक ओशट आसतं. ती लोकर गरम पाण्यात उकळली की ते वर साय धरतं. भिकननं म्हणलं, “दादा, कातरण कधी हाय?” कातरणीला अजून वेळ व्हता. मी म्हणलं, “उद्या हाय.” माझी मेंढरं, मी म्हणीन तवा कातरण. थंडीत मेंढरं कुडकुडली, पण मी कातरली. ती साय काढली, गाळली, मधमाशीचं थोडं मेण घातलं. भिकननं ते दोन बोटांनी चोळलं, जरा जरा, लेकराच्या टाळूला तेल घालावं तसं. आज लावलं की उद्या थांबायचं, चामड्यानं पिलंय का बघायचं, मंगच परत.

भेगा पुरत्या गेल्या नायत. भिकन म्हणला, म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावरच्या सुरकुत्या कशाला पुसायच्या, नुसतं दुखायला नको. पण काय झाल्या म्हणता त्या सीटा! मऊ, तांबड्या, डाळिंबाच्या सालीसारख्या. माय येता-जाता हात फिरवायची.

गाडीत बसवायच्या दिवशी आप्पासाहेब आले, अर्धं पडेगाव आलं, आन् भिकननं काय करावं? सकाळीच सायकलवर जाऊन उस्तादाला पाठीमागं बसवून आणलं. मला सांगितलं आसतं तर मी जीप पाठवली नसती का? नसती पाठवली, ते सोडा.

उस्तादाला दिसत नव्हतंच फार. तो गाडीत वाकला, सीटेवर हात फिरवला, टाके बोटांनी मोजल्यासारखे चाचपले, गाल टेकवून वास घेतला. मंग म्हणला, “किसका हाथ है ये?”

मी घसा खाकरला. मी तयारच व्हतो. माती माझी, मेंढरं माझी, पेट्रोल माझं.

भिकन म्हणला, “आपका, उस्ताद.”

मी तिथून उठून जीपच्या मागं गेलो आन् चाकाला एक लाथ घातली. पाय दुखला. आजबी पावसाळ्यात तिथं ठणकतो.

आप्पासाहेब खूश. नाक्यावर त्यांचा गाळा व्हता, म्हणले, “भिकन, हा घे, इथं दुकान टाक.” मी पिवळ्यावर लाल पाटी डोळ्यापुढं बघितली. भिकन म्हणला, “उस्तादाला विचारून सांगतो.”

उस्तादाला विचारून! थोरला भाऊ समोर उभा, जिवंत, मिशा असलेला.

पोरगं परत छावणीला गेलं. गाळा बंद पडून राहिला. आप्पासाहेब भेटले की विचारायचे, “काय रे, काय म्हणतो तुझा भाऊ?” मी म्हणायचो, “येतोय, येतोय.” येत नव्हता. मी दुकानासमोर हॉर्न मारायचं बंद केलं. मायनं एक दिवस चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणलं, “त्याला त्या म्हाताऱ्याला टाकून येववत नाय. आन् म्हाताऱ्याला सोडवत नाय. कोणीतरी मागायला पायजे.”

“मागायला म्हणजे?”

“तुला ठाव हाय,” माय म्हणली आन् भाकरी उलटली.

मी लई दिवस गेलो नाय. मी कोणापुढं हात पसरलेला नाय. जीपचा हप्ता थकला तवाबी पसरला नाय. पण एक दिवस दौलताबादहून रिकामी जीप घेऊन येताना गाळ्याचं कुलूप दिसलं, आन् माझा पाय आपोआप छावणीकडं वळला.

उस्ताद गादीवर बसला व्हता. भिकन खाली, मांडीवर सीट, दोन्ही हातात सुया. मी दारातच थांबलो. खांद्यावरचं उपरणं काढलं आन् दोन्ही हातांवर पसरलं. खाली बघून म्हणलो, “उस्ताद, भीक वाढा.”

उस्ताद डोळे बारीक करून बघू लागला. “कौन? मुंजाबा? क्या हुआ मियाँ, जीप बिक गई क्या?”

बाजूचा चहावाला हसला. पण मी उपरणं खाली घेतलं नाय.

भिकनच्या सुया थांबल्या. त्यानं माझ्याकडं बघितलं, उपरण्याकडं बघितलं, आन् त्याला समजलं. आपल्या नावाची गोष्ट मायकडून त्यानं शंभरदा ऐकलेली. त्यानं मान खाली घातली. उस्तादाला काय ते हळूच सांगितलं. सूप, मंजुळाबाई, बाजरी, घोंगडी.

उस्ताद म्हणला, “तो ये तेरा मँगा हुआ है?”

“व्हय.”

“और मैं समझा मेरा है.”

तो हातानं गादीभोवती चाचपू लागला. “साथ में कुछ देना पड़ता बोल्या ना? बाजरा तो नै मेरे पास.” शेवटी दोऱ्याला लावायचा मेणाचा गोळा त्याच्या हाताला लागला. जुना, काळपट, दोऱ्याच्या खाचा पडलेला. तो त्यानं माझ्या उपरण्यात ठेवला. “ले. दिया. संभाल.”

मंजुळाबाईनंबी हेच म्हणलं व्हतं. ह्या माणसाला कोणी सांगितलं व्हतं काय म्हणायचं ते?

मी उपरणं गुंडाळलं. जिंकलो व्हतो. भिकन आपली आरी, रापी, पिशवी गोळा करू लागला. उस्ताद बसल्या जागी म्हणला, “अब सुई में धागा कौन डालेगा मेरे?” कोणाला विचारलं नाय, आपलं उगंच म्हणला.

आन् माझ्या तोंडातून निघून गेलं, “तुम्हीबी चला. जीपमध्ये जागा हाय.”

आता कोणी म्हणंल, मुंजाबाचं मन मोठं. मोठं हायेच. पण त्याची फेड बघा. त्या दिवसापासून तो मरेपतोर रोज सकाळी छावणीतून त्याला घ्यायचं आन् सांजच्याला सोडायचं काम माझ्याकडं आलं. पुढच्या सीटवर बसायचा, माझ्या शेजारी. पॅसेंजर मागं कोंबलेले आन् हा पुढं ऐसपैस. वाटभर भिकनचं कौतुक. “तेरा भाई हीरा है, मुंजाबा.” जसं काय मला ठावच नव्हतं. “क्लच धीरे छोड़, सीट को झटका लगता.” जीपच्या सीटला! मी मुद्दाम खड्ड्यातून न्यायचो. तो हसायचा.

आन् गाळ्यावरची पाटी. पेंटर बन्सी मी आणला, रंग मी सांगितला. पिवळ्यावर लालच झाली. पण नाव विचारलं तवा मी मिटमिट्याला भाडं घेऊन गेलो व्हतो. आलो तर पाटी वाळायला ठेवलेली. ‘बुडन भिकन सीटवाले’. मी बन्सीला म्हणलं, “ह्याच्यात मुंजाबा कुठं हाय?” तो म्हणला, “दादा, जागा नाय उरली.” भिकन म्हणला, “दादा, तू तर घरचाच हाय. घरच्याचं नाव पाटीवर कशाला?” सांगा आता. तीच पाटी पेपरात आलीय.

उस्ताद गेला त्यालाबी आता जमाना झाला. जनाज्याला खांदा भिकननं दिला, मीबी दिला. जड नव्हता.

जीप मी विकली नाय. चालत नाय आता, अंगणात लिंबाखाली उभी हाय. मी तिच्यातच बसतो दिवसा. पुढची डाव्या अंगाची सीट, जिथं उस्ताद बसायचा, ती पार फाटली, काथ्या बाहेर आला. शहरातल्या बड्या बड्या लोकांच्या सीटा माझा भाऊ शिवतो, आन् त्याच्या सख्ख्या भावाच्या जीपची सीट फाटकी. गाव बघतंय. भिकनबी रोज बघायचा, जाता-येता. काय बोलायचा नाय. मीबी बोलायचो नाय.

पेपर आला त्या दिवशी सांजच्याला तो आला. हातात पेपर. मी जीपमध्ये बसलेलो.

“दादा, वाचलं का?”

“वाचलं. माझी मेंढरं व्हती म्हणं.”

तो गालातल्या गालात हसला. मंग फाटक्या सीटवर हात ठेवून म्हणला, “ही कधीची फाटलीय. सांगितलं का नाय?”

“मी मागत नसतो,” मी म्हणलं. “दोनदा मागितलंय. तेवढं बास झालं.”

भिकनचीबी आता पाठ वाकलीय. मंग त्यानं खांद्यावरचा पंचा काढला, झटकला, आन् दोन्ही हातांवर पसरून माझ्यापुढं धरला.

“मंग मी मागतो,” म्हणला. “दादा, ती सीट भीक वाढ.”

मागणाऱ्याला नाय कसं म्हणायचं? मी उतरलो. घरात गेलो, सुनेला म्हणलं डब्यातली बाजरी दे. तिला वाटलं म्हाताऱ्याला काय झालं. मूठभर घेऊन आलो, त्याच्या पंच्यात टाकली. म्हणलं, “दिली. सांभाळ.”

आठ दिवस लावले त्यानं. रेक्झीन नाय, चामडं घातलं. दोन सुयांचा टाका, उस्तादाचा. मेण माझ्याच मेंढरांच्या लोकरीचं, आता चार-दोनच उरलीत. मी हात फिरवून बघितला. या जिल्ह्यात अशी सीट कोणत्या मोटारीत नाय. त्या पेपरवाल्या पोरानं परत यावं, इथं बसावं, बुड टेकवून बघावं, आन् मंग लिव्हावं भिकन कोणाचा ते. मी सरकणार नाय. पडू दे सावली.